डाल्याचे दिवे

आमच्या ह्यांना अंधारात दिसत नाही, हे मला जानेवारीतल्या एका पहाटे कळलं. आम्ही तेव्हा सीतापूरच्या रस्त्यावर होतो आणि आमच्या गाडीचं नाक उसाच्या एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. धुकं होतं, पण इतकंही नव्हतं. मला उसाची वाढं दिसली तेव्हा मी ओरडले आणि ह्यांनी ब्रेक दाबला. मागच्या फुलांच्या बादल्या एकमेकींवर आपटल्या. ह्यांनी गाडी हळूहळू कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले.

"धुक्यात कोणाला दिसतंय?"

"धुकं नसतानाही नाही दिसत. दोन महिने झाले. रस्त्याची कड कुठंय ते कळत नाही. अंदाजानं चालवतोय." मग म्हणाले, "अण्णांचं असंच सुरू झालं होतं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना काचबिंदू झाला होता. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि शेवटची अकरा वर्षं ते आम्हाला पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. काचबिंदू घराण्यात उतरतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो, एवढंच.

लखनौला येऊन आम्हाला एकतीस वर्षं झाली. हे वनस्पतिशास्त्रज्ञ, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. मी साताऱ्याहून आले ती तीन-चार वर्षांत परत जायचं असं धरून. आधी महानगर नावाच्या वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मग विकास नगरात घर झालं, मुलगा इथल्याच शाळेत शिकला आणि परत जायचं राहून गेलं. मी मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवते. हे निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता घरात बसतील, वाचतील. त्याऐवजी ह्यांनी शहराबाहेर दोन बिघे जमीन कसायला घेतली आणि ग्लॅडिओलस लावले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतातल्या रोगांवर लिहीत आलो, आता स्वतःच्या वाफ्यातले रोग बघायचे आहेत, म्हणाले. फुलं मंडीत न्यायला एक जुना पिकअप घेतला. इकडं त्याला डाला म्हणतात. ह्यांच्या तोंडी तो शब्द इतका बसला की फोनवर साताऱ्याच्या नणंदेलाही "डाला घेतला" म्हणून सांगितलं. तिला ते 'डहाळा' ऐकू आलं, कसली फांदी घेतली म्हणाली.

डाला वीसेक वर्षांचा होता. इंजिन ठणठणीत होतं. रोज पहाटे साडेचारला हे घरून निघत, शेतावर आदल्या संध्याकाळी कापून पाण्यात ठेवलेल्या काड्या भरून घेत आणि उजाडायच्या आत फूलमंडी गाठत. त्या दिवशी रविवार होता, म्हणून मी सोबत होते. नाहीतर ही गोष्ट मला कितीतरी दिवस कळली नसती.

त्या पहाटेनंतर ह्यांनी डाला बाहेर काढला नाही. फुलं शेजारच्या शेतकऱ्याच्या टेम्पोतून जाऊ लागली. मुलाला फोनवर सांगितलं तर तो नेहमीसारखा हिंदीत म्हणाला, "पापा, बेच दो ना गाड़ी। अब क्या ज़रूरत है।" ह्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि ते गच्चीवर निघून गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. बाई चांगल्या होत्या. डोळ्यांतला दाब मोजला, पडदा पाहिला, एका यंत्रापुढं बसवून बारीक बारीक ठिपके चमकले की बटण दाबायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "काला मोतिया नहीं है। दाहिनी आँख में सफ़ेद मोतिया की बस शुरुआत है, इस उम्र में होती ही है। इतने से अँधेरे में दिखना बंद नहीं होता।"

काला मोतिया म्हणजेच काचबिंदू. मी सुटकेचा श्वास टाकला. जिना उतरताना हे म्हणाले, "अण्णांनाही पहिल्यांदा असंच सांगितलं होतं."

ते खरंच होतं. पण तेव्हाचे डॉक्टर एका गावातले होते आणि त्यांच्याकडं असलं यंत्र नव्हतं, हे मी जिना संपेपर्यंत तीनदा सांगितलं. ह्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं नाही, हे मला त्या मान हलवण्यावरूनच कळलं. पुढचे आठ-दहा दिवस मी त्यांना घरात डोळे मिटून चालताना पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारापासून पलंगापर्यंत, हात किंचित पुढं करून. मला पाहिलं की काही शोधत असल्यासारखं करायचे.

एका संध्याकाळी मला डाला फाटकातून जरा आत घ्यायचा होता, म्हणून मीच चावी घेतली. सवयीनं दिवे लावले. समोर आमची पांढरी भिंत आहे. तिच्यावर उजेड पडला तो फिक्या चहासारखा. भिंतीवरची मनीप्लँटची कुंडी मला माहीत होती म्हणून दिसली, नाहीतर तिथं काहीतरी काळपट आहे एवढंच कळलं असतं. मी तशीच बसून राहिले. माझे डोळे तर ठीक होते. मग मला हे असं का दिसत होतं?

सांगायला लाज वाटते, पण अठ्ठावीस वर्षं मी विद्युतधारा शिकवली आणि घरातला प्लगसुद्धा कधी स्वतः बदलला नाही. माझ्यासाठी वीज म्हणजे प्रयोगशाळेतलं टेबल, त्यावर नीट मांडलेला ॲमीटर आणि मुलींच्या वहीतल्या आकृत्या. तरीही दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमना विचारून मी लॅबमधला मल्टिमीटर घरी आणला. साडीचा पदर खोचून बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून, दिवे लावून आधी बॅटरीवर मोजलं. तेरा दशांश आठ. मग बल्बच्या सॉकेटमध्ये मागच्या बाजूनं दोन्ही सुया खुपसल्या.

दहा दशांश चार.

मी सुया काढून परत लावल्या. दुसऱ्या दिव्याला लावल्या. तिथं दहा दशांश दोन. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जेमतेम दोन हातांचं अंतर, आणि वाटेत साडेतीन व्होल्ट गायब. आणि मला हेही माहीत होतं की व्होल्टेज थोडं उतरलं की बल्बमधल्या तापलेल्या तारेचा उजेड फार उतरतो. जे यायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा रस्त्यावर येत नव्हतं.

"अहो!" मी तिथूनच हाक मारली. "अहो, खाली या!"

हे शाल गुंडाळून आले. मी त्यांना आकडे दाखवले. ते कितीतरी वेळ मीटरकडं पाहत होते.

"तुझं मीटर बरोबर आहे ना?"

"बारावीच्या मुली रोज आपटतात त्याला. पण बॅटरीवर बरोबर दाखवतंय की."

ह्यांनी वाकून दिव्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "बघू," म्हणाले. पण आत जाताना चावी माझ्याकडून मागून घेतली.

आमच्या कॉलेजच्या बसच्या ड्रायव्हरनं एका इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. चारबाग स्टेशनच्या मागच्या बाजूला, गोदामांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. सत्तरीचे असावेत. अंगावर कोपराला विरलेला स्वेटर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रविवारी सकाळी आम्ही डाला त्यांच्या दारात उभा केला. ह्यांनीच चालवत आणला होता, पण लख्ख उजेडात.

मी माझे आकडे लिहिलेला कागद पुढं केला. उस्तादांनी तो आदबीनं घेतला, वाचला आणि घडी करून मला परत दिला. "बिल्कुल दुरुस्त नापा है आपने, बहनजी। अब देखते हैं, रास्ते में कौन रोक रहा है।"

त्यांनी इंजिन चालू ठेवून दिवे लावायला सांगितले. मला वाटलं, आता ते काही उपकरण काढतील. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. डॅशबोर्डखाली हात घातला, डोळे मिटले आणि तारांच्या जुडग्यावरून बोटं फिरवायला लागले. एकेक तार चिमटीत धरायची, जरा पुढं जायचं, थांबायचं. गल्लीतून हमाल ओरडत जात होते, रिक्षा वाजत होत्या. त्यांचं कशाकडं लक्ष नव्हतं.

"यहाँ," ते म्हणाले. "हाथ दीजिए।"

मी हात आत घातला. त्यांनी माझं बोट एका तारेवर नेऊन ठेवलं. ती गरम होती, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी. शेजारच्या तारा गार होत्या.

"आपकी रोशनी यहाँ रुकी बैठी है।"

मी हात काढायचं विसरले. तारेत विद्युतधारेमुळे निर्माण होणारी उष्णता. दरवर्षी मी ते सूत्र फळ्यावर लिहिते, चौकट काढते, मुलींना पाठ करायला सांगते. ज्या साडेतीन व्होल्टांचा हिशोब मला लागत नव्हता ते माझ्या बोटाखाली होते, ऊब होऊन. इतक्या वर्षांत मला ती ऊब कशी असते हे माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं, त्या माणसानं माझं सूत्र कधी पाहिलं नसेल. माझ्या अंगावर खरंच काटा आला.

मग उस्तादांनी ते जुडगं बाहेर ओढलं आणि ब्लेडनं टेप कापायला सुरुवात केली. काळ्या टेपखाली लाल टेप, लाल टेपखाली हिरवी, तिच्याखाली कोणीतरी चक्क प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळलेली. प्रत्येक थराशी ते थांबत. "ये गाड़ी पहाड़ में चली है," एकदा म्हणाले. आम्ही विचारलं, कशावरून? त्यांनी पुढच्या बंपरकडं गेलेल्या, टोकाशी कापलेल्या दोन पिवळ्या तारा दाखवल्या. तिथं धुक्याचे दिवे होते, शिवाय चढाला लागतो तो मोठा हॉर्न. मागच्या हौद्याकडं जाणारी एक जाड तार उलगडत म्हणाले, "पीछे पंखा लगता था। मुर्गी के चूज़े ढोए होंगे। गर्मी में चूज़ा बिना हवा के नहीं बचता।"

कोंबडीच्या पिल्लांसाठी पंखा, हे ऐकल्यावर हे खाली उकिडवे बसले. मला ती बैठक ओळखीची होती. आडव्या कापलेल्या खोडाची वर्तुळं वाचताना हे असेच बसायचे, कुठल्या वर्षी पाऊस कमी झाला, कुठल्या वर्षी कीड पडली ते सांगायचे. त्यांनी डाल्याची कागदपत्रं काढून पहिल्या मालकाचा पत्ता पाहिला. हल्द्वानी. पहाडाच्या पायथ्याचं गाव.

"उस्ताद," हे म्हणाले, "आपने तो पूरी जनमपत्री पढ़ दी।" गेल्या तीन आठवड्यांत मी ह्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

ह्यांची इच्छा होती की हल्ली सगळे लावतात तसे पांढरेशुभ्र दिवे लावावेत. उस्तादांनी ठाम नकार दिला. "साहब, ये शीशा इसी बल्ब के लिए बना है। इसमें वो सफ़ेद वाला डालूँगा तो आपको लगेगा दिन निकल आया, और सामने से जो आ रहा है वो गड्ढे में जाएगा। और कोहरे में वही सफ़ेदी लौटकर आपकी ही आँख में आएगी। मैं नहीं लगाता।" दिव्यांच्या आतला चकचकीत मुलामा काळवंडला होता, म्हणून काचेसकट दिवे नवे घेतले. बल्ब मात्र साधेच, पूर्वी होते त्याच जातीचे.

काम दिवसभर चाललं. बॅटरीपासून जाड लाल तार थेट दिव्यांकडं आली, वाटेत फ्यूज. दिव्यांपासून परतीची काळी तार गंजक्या पत्र्याला न जोडता सरळ बॅटरीपर्यंत नेली. मध्ये काड्यापेटीएवढ्या दोन रिले बसवल्या. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. डॅशबोर्डवरच्या जुन्या बटणानं तिला नुसतं जागं करायचं, दिव्यांची खरी वीज ती स्वतः जोडते. हे समजावताना उस्ताद म्हणाले, "पुराना तार अब सिर्फ़ हुक्म पहुँचाएगा। बोझ नहीं उठाएगा।" आणि त्यांनी ह्यांना बटण दाबायला सांगितलं. बॉनेटमधून टिक असा बारीक आवाज आला. ह्यांनी तो चार-पाच वेळा करून पाहिला.

दुपारी मी बरोबर आणलेल्या दशम्या काढल्या. उस्तादांनी शेंगदाण्याची चटणी बोटावर घेऊन चाखली, "ये मूँगफली की है?" म्हणून विचारलं आणि मग पुरती वाटी संपवली.

पाचच्या सुमारास म्हणाले, "रोज़ जितना बोझ रहता है, उतना पीछे रखिए।" आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं, मागे ओझं असलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि दिवे आभाळाकडं बघतात. रिकाम्या गाडीवर नेम धरला तर तो मंडीच्या रस्त्यावर चुकणार. मग आम्ही दोघांनी नळावरून चौदा बादल्या पाणी भरून हौद्यात चढवलं. मी प्रोफेसरीणबाईसारखी नेसून आले होते, ती निऱ्या भिजवून उभी राहिले. समोर एका गोदामाची लांब भिंत होती. तिच्यावर उस्तादांनी खडूनं एक आडवी रेघ मारली आणि स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही दिव्यांचा उजेड त्या रेघेच्या किंचित खाली आणून बसवला.

अंधारून आलं होतं. मी मल्टिमीटर काढला. हे म्हणाले, "मला दे." सुया त्यांनी स्वतः लावल्या, मीटर डोळ्यांजवळ नेला.

"तेरा दशांश पाच," ते म्हणाले. मग दुसऱ्या दिव्याला लावून पुन्हा, "तेरा दशांश पाच."

मग उस्तादांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि दिव्यांचा मोठा झोत लावला. गल्ली उभीच्या उभी समोर आली. कुठवर ते मला सांगता यायचं नाही. लांबवर एका बंद शटरवरची गंजाची नक्षी दिसली, त्याच्याही पुढं विजेच्या खांबावर बसलेलं माकड दिसलं, त्यानं डोळ्यांवर हात धरला. दिवसभर आम्ही ह्याच गल्लीत होतो, पण ती एवढी लांब आहे हे मला तेव्हा कळलं. डाला तोच होता, बॅटरी तीच. हा सगळा उजेड इतके दिवस तिच्यात होता आणि डॅशबोर्डखाली एका तारेची ऊब होऊन संपत होता. मी हात जोडले की काय, आठवत नाही. उस्ताद पक्कड पुसत उभे होते.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते शटर किती लांब असेल गं? शंभर मीटर?"

"जास्तच."

"त्याच्यावर कुलपं दोन आहेत," ते म्हणाले. "दोन आहेत ना?"

"दोनच आहेत."

त्यांनी उस्तादांच्या हातावर हात ठेवला. उस्ताद म्हणाले, "साहब, डिपर का ख़याल रखिएगा। सामने वाले को भी घर पहुँचना है।"

विकास नगरपर्यंत हे मोठ्यानं वाचत आले. पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलेला शेर, खड्डा, गतिरोधक, पुन्हा खड्डा. मी हो हो म्हणत होते आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होते. घरी आल्यावर चहा घेताना ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई बरोबर सांगत होत्या." बस, एवढंच. डोळे ते आता दर सहा महिन्यांनी तपासून घेतात, अण्णांमुळे ते करायलाच हवं. पण घरात डोळे मिटून चालणं त्या दिवशी थांबलं.

दुसऱ्या दिवशी मला पहिला तास नव्हता, म्हणून पहाटे मी पुन्हा सोबत गेले. धुकं विरळ होतं. दाट धुक्यात कुठल्याच दिव्याचं काही चालत नाही, पण त्या दिवशी रस्ता दिसण्याइतकी जागा त्यानं ठेवली होती. मोठा रस्ता सोडून आम्ही शेताच्या वाटेला वळलो. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. इतके दिवस मी ती पहाटे पाहिलीच नव्हती, वास तेवढा यायचा. आता पिवळा रंग दिव्यांपुढून सरकत होता, आणि प्रत्येक झुबक्यावर दव.

एकदम ह्यांनी वेग कमी केला आणि गाडी थांबवली. मला अजून काहीच दिसलं नव्हतं. त्यांना आधी दिसलं.

"बघ," ते हळूच म्हणाले.

लांब, वाटेच्या मधोमध, हिरवे दिवे लागले होते. दोन, मग चार, मग मोजता येईनात. नीलगायी होत्या. मोहरीतून निघून पलीकडच्या गव्हाकडं चालल्या होत्या आणि आमच्या उजेडानं जागच्या जागी थबकल्या होत्या. पुढचा नर मान वर करून आमच्याकडं पाहत होता. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती, ती वाफसुद्धा दिसत होती. ह्या जनावरांना आम्ही वर्षभर शिव्या देत आलो होतो, वाफे तुडवतात म्हणून.

ह्यांनी डिपर खाली केला. उजेड जमिनीवर उतरला. नरानं मान हलवली आणि एकेक करून त्या वाट ओलांडायला लागल्या. मध्ये एक पिल्लू अडखळलं, आईनं त्याला नाकानं ढकललं. शेवटची पलीकडच्या गव्हात शिरली.

"अकरा होत्या," हे म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.